गाणाऱ्यांचा कंडक्टर

श्रोतेहो, नमस्कार.

कंडक्टर म्हटलं की आपल्याला एसटीतला आठवतो. आज ज्यांच्याविषयी बोलणार आहे तेही कंडक्टरच, पण गाणाऱ्यांचे. गुस्ताव एर्नेसाक्स. जन्म १९०८, देश एस्टोनिया. बाल्टिक समुद्राकाठच्या या देशाची वस्ती जेमतेम तेरा लाख, पण १८६९पासून तिथं गानमहोत्सव भरतात आणि हजारो माणसं एकत्र गातात.

हजारो म्हणजे काय, याचा जरा विचार करा. आवाजाला सत्तर मीटर जायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. मागच्या रांगेतला गायक पुढच्यांचं ऐकून गायला लागला, तर तो मागेच पडणार. मोठ्या दिंडीत पुढचे टाळ आणि मागचे टाळ कसे सुटे पडतात, ते आपण ऐकलेलं आहेच. म्हणून तिथं कानावर नाही, कंडक्टरच्या हातावर गायचं. डोळे हाताकडे, हात आधी, आवाज नंतर. त्यात पुन्हा आपल्यासारखा सगळ्यांचा एकच सूर नाही. बायकांच्या दोन पट्ट्या, पुरुषांच्या दोन, आणि प्रत्येकीची चाल वेगळी.

१९४४ साली एर्नेसाक्स यांनी व्यावसायिक गायकांचा पुरुष वृंद उभा केला. त्याच वर्षी लिडिया कोइदुला या कवयित्रीच्या जुन्या कवितेला त्यांनी चाल दिली. ‘माझी मायभूमी, माझं प्रेम’ असं काहीसं तिचं मराठी होईल. १९४७च्या महोत्सवात ती गायली गेली. पुढचा महोत्सव १९५०चा. एस्टोनिया तेव्हा सोव्हिएत संघाच्या ताब्यात होता. महोत्सवाआधी तीन नामवंत कंडक्टरांना सोव्हिएत सत्तेनं अटक केली, आणि हे गाणंही कार्यक्रमातून गेलं.

एर्नेसाक्स मात्र तुरुंगाबाहेर राहिले. सोव्हिएत एस्टोनियाच्या राज्यगीताची चालही त्यांचीच, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. दोन्ही चाली एकाच माणसाच्या. मला तरी त्यांना यासाठी दोष देववत नाही.

१९६० साली राजधानी तालिनच्या महोत्सव-मैदानावर नवी भव्य कमान उभी राहिली होती. महोत्सव संपत आला आणि कार्यक्रमात नसलेलं ते गाणं गायकांनीच धरलं. हाताची वाट न बघता. एर्नेसाक्स मग मंचावर चढले आणि त्यांनी हात उचलला. त्या दिवशी आवाज आधी होता, हात नंतर.

१९९१ साली देश स्वतंत्र झाला, तो त्यांनी पाहिला. १९९३ साली ते गेले. त्याच मैदानावर आता त्यांचा पुतळा आहे. बसलेला.