तिसरं चाक काढताना

(सकाळचे सात. अक्कलकोट रोडच्या बाजूचं एक छोटं गॅरेज, उन्हं अजून पत्र्यावर आलेली नाहीत.)

सोलापुरात मे महिन्यात लोखंडाचं काम करायचं असेल तर ते सकाळीच उरकायला लागतं, दहानंतर उन्हात ठेवलेल्या पान्याला हात लावला की चटकाच बसतो. म्हणून मिस्त्रींनी मालकांना सातलाच बोलावलंय. मधे उभी आहे ती जुनी कास्ट आयर्न इंजिनची बुलेट, गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या, आणि डाव्या अंगाला लागलेली साइडकार, म्हणजे एका चाकाचा बसायचा डबा. आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो म्हणून साइडकारही डावीकडं, बसलेला माणूस ट्रॅफिककडं न उतरता कडेला उतरतो.

या साइडकारमधून मालकांनी वीसेक वर्षं चादरी-टॉवेलचे गठ्ठे वाहिले, पूर्वभागातल्या कारखान्यातून थेट चाटी गल्लीच्या कापडबाजारात, आणि गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत त्याच डब्यात बायको-पोरं बसवून सिद्धेश्वराला. आता माल टेम्पोनं जातो, पोरं पुण्याला, आणि गल्लीत दोन्हीकडं गाड्या लागल्या की ही वळतच नाही. म्हणून साइडकार काढायची.

"चार बोल्ट तर हायत की ओ, पंधरा मिनटाचं काम," मालक म्हणतात.

मिस्त्री नुसतेच बघतात.

बोल्ट चारच आहेत हे खरंय. दोन खाली चेसिसला, दोन वरच्या दांड्यांचे, त्यातला एक सीटखाली आणि एक पुढच्या नळीवर. पण भानगड बोल्टची नाहीच. साइडकारला चाक एक, तेही बाहेरच्या बाजूला, आतली सगळी बाजू गाडीच्या जिवावर उभी. आणि गाडीचं म्हणाल तर साइड स्टँड मधे येतो म्हणून तो साइडकार बसवली त्या दिवशीच काढून टाकलेला, डबल स्टँड इतक्या वर्षांत कुणी लावलाच नाही, त्याची स्प्रिंग गंजून जाम. म्हणजे शेवटचा बोल्ट निघाला की दीडशे किलोच्या वरची बुलेट एकीकडं आडवी आणि साइडकारचा डबा आत कलंडणार, आणि बरोबर मधे कोण बसलेला असतो? पाना घेतलेला माणूस.

सोलापूरकराला हे समजवायला लागू नये खरं तर. सिद्धेश्वराच्या जत्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलणारा बदलताना पुढच्या माणसाची पकड पक्की झाल्याशिवाय आधीचा सोडतो का? तसंच इथं. आधी आधार, मग सोडायचं.

(क्लोजअप: गर्डरला बांधलेला पट्टा, हँडलचं खालचं क्लॅम्प.)

त्यामुळे पहिला तासभर एकही बोल्ट निघत नाही. डबल स्टँडला तेल, नवीन स्प्रिंग, खाली लाकडाची फळी, गाडी स्टँडवर. वरून गर्डरला दोन पट्टे, हँडलच्या दोन्ही बाजूंनी. पुढचा ब्रेक दाबून त्यावर ट्यूबचं रबर गुंडाळलं. साइडकारच्या चाकाला पुढंमागं वीट. आणि डब्याच्या आतल्या नळीखाली जॅक, जॅकच्या शेजारी लाकडाचे ठोकळे रचून, कारण जॅक हा उचलायला असतो, भरोशाला ठोकळा. जमीन सपाट पाहिजे हे सांगायचं राहिलं, गॅरेजबाहेरच्या उतारावर हे करू नका, मिस्त्रींनी बाहेर उभी असलेली गाडी मुद्दाम आत घेतली ती त्यासाठीच.

मग वायरी. साइडकारच्या दिव्याची न् इंडिकेटरची वायर गाडीतून येते, ती आधी सोडवायची, नाहीतर डबा ओढताना ती ताणून तुटते आणि शॉर्ट होते. काही साइडकारना ऑइल ब्रेक असतो, त्याची नळी असेल तर तीही.

आता वरच्या दांड्या. सगळे नट आधी नुसते ढिले, काढायचा एकही नाही. मग एकेक काढायला घेतला, पुढचा निघाला. सीटखालचा मात्र हलेना. पोरगं, मिस्त्रींचा भाचा, हातोडी घेऊन आलं.

"ठोकतो मामा."

"थांब बे."

हे नीट बघा. मिस्त्री बोल्टला दोन बोटं लावतात, हलवून बघतात, मग जॅकची टॉमी, म्हणजे दांडा, अर्धा फेरा फिरवतात. परत दोन बोटं. परत थोडा जॅक, या वेळी खाली. आणि बोल्ट आपोआप फिरायला लागतो, बोटानं, पान्याशिवाय बाहेर येतो. तो गंजलेला नव्हताच, त्याच्यावर वजन होतं. ठोकला असता तर आटे गेले असते, किंवा सुटला असता ते दणक्यात. नट काढल्यावर बोल्ट बोटानं निघाला पाहिजे, नाही निघाला तर भार कुठंतरी अडकलाय असं समजायचं आणि जॅक हलवायचा, हातोडी नाही. माझ्या मते अख्ख्या कामातली शिकायची गोष्ट एवढीच, बाकी पाने कुणीही चालवतं.

खालचे दोन निघेपर्यंत भाचा डब्याच्या नाकाशी, मालक गाडीच्या उजव्या बाजूला. शेवटचा निघाल्यावर ओढायची साइडकार, गाडी नाही, सरळ डावीकडं, जमिनीलगत. वीतभर फट पडली आणि सगळ्यांनी श्वास सोडला, मी कॅमेऱ्यामागं होतो तरी.

बोल्ट, वॉशर, चेकनट जिथले तिथं परत अडकवून ठेवले. दांड्यांची लांबी खडूनं मांडून ठेवली, कारण परत बसवायची वेळ आली तर साइडकारचं चाक पुढच्या बाजूला किंचित आत वळलेलं लागतं, साधारण पाऊण इंच, आणि गाडी साइडकारच्या उलट्या अंगाला एखादा डिग्री कललेली. हा कल मिस्त्री ओळंब्यानं बघतात, गवंड्यासारखा.

मालक लगेच किक मारायला निघाले. मिस्त्रींनी थांबवलं. मागचं टायर बघा म्हणाले, मधोमध घासून पाटासारखं सपाट. साइडकार असताना गाडी वळणावर झुकतच नाही, मग टायरच्या कडा वापरल्याच जात नाहीत. असलं टायर घेऊन एकटी बुलेट झुकवली की कडेवर आल्याबरोबर झटका देते. दोन्ही टायर बदलायचे ठरले. मागचे शॉकअपही वजनासाठी कडक टाकलेले, आणि ओढ मिळावी म्हणून पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दात्यांचं चाक, कमी दातांचं, त्यामुळे आता गाडी थोड्या स्पीडलाच ओरडणार. हँडल कडक ठेवायची खुंटी ढिली केली. साइड स्टँड नवीन बसवला. रिकामे क्लॅम्प नळीवर लोंबकळत ठेवले नाहीत, काढून पिशवीत भरले.

कागदाचं एक सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटारसायकलच्या व्याख्येतच सुटी होणारी साइडकार धरलेली आहे, पण तुमच्या आरसीवर किंवा इन्शुरन्सवर साइडकारची नोंद असेल तर काढल्यावर आरटीओत आणि विमावाल्याकडं विचारून घ्या, क्लेमच्या वेळी भांडण नको.

(चार दिवसांनी. तोच पत्रा, नवीन टायर.)

साइडकारवाला माणूस हँडल ओढून वळतो. गॅस दिला की गाडी डावीकडं खेचते, ब्रेक मारला की उजवीकडं, आणि डावीकडं जोरात वळलं की तिसरं चाक उचलतं, हे सगळं मालकांच्या अंगात वीस वर्षं मुरलेलं. म्हणून मिस्त्रींनी आधी रिकाम्या मैदानात अर्धा तास फिरवून आणलं. छान चालवली. झुकवली पण. मालक खुश, तोंडभर हसत गॅरेजच्या दारापर्यंत आले, ब्रेक मारला, गाडी उभी राहिली, आणि मालक दोन्ही पाय तसेच फूटरेस्टवर ठेवून नमस्कार करायला लागले.

"पाय ओ मालक, पाय!"

भाच्यानं मागचं कॅरिअर धरलं म्हणून बरं.