ओपीडी आणि लॅब, दोन्हीकडे

हे बघा, डॉक्टर पेशंटला सांगतायत, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर टॅप करा, बोटं पूर्ण उघडून, पटापट. सुरुवातीला बोटं छान उघडतात, मग अंतर कमी कमी होत जातं, मध्येच हात अडकतो, आणि पार्किन्सन्सची शंका इथेच येते, कुठलाही स्कॅन काढायच्या आधी. ही नजर तयार व्हायला वॉर्डात वर्षं जातात.

पण फिजिशियन-सायंटिस्ट, म्हणजे पेशंटही बघणारा आणि लॅबमध्ये संशोधनही करणारा डॉक्टर, व्हायचं तर तेवढ्यावर भागत नाही. अमेरिकेत एमडी-पीएचडी एकत्र करायला साधारण ८ वर्षं, मग रेसिडेन्सी, मग फेलोशिप.

आणि लॅबमधलं काम? जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा सहजासहजी मिळत नाही, म्हणून पेशंटच्या त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशी घ्यायच्या, त्यांच्या स्टेम सेल (कुठल्याही प्रकारची पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी) करायच्या, आणि त्यातून न्यूरॉन, म्हणजे मेंदूच्या पेशी, वाढवायचे, जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाकांनी २००७ मध्ये माणसाच्या पेशींवर हे करून दाखवलं म्हणून आज शक्य आहे. डिशमधलं मीडियम, म्हणजे पेशींचं पोषक द्रव, वेळेवर बदलावंच लागतं, रविवार असो नाहीतर नुकतीच नाईट ड्यूटी संपलेली असो, आणि एकदा कंटॅमिनेशन झालं, म्हणजे त्यात जंतू शिरले, की महिन्यांची मेहनत फेकून द्यायची. खरं सांगायचं तर बरेच जण इथेच एक बाजू सोडतात. मला त्याचं वाईट वाटतं, कारण काही प्रश्न वॉर्डातच भेटतात.

अमेरिकन डॉक्टर-संशोधक स्टॅनली प्रुसिनरचंच घ्या. १९७२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत न्यूरॉलॉजीचे रेसिडेंट असताना त्यांच्याकडे क्रॉइट्झफेल्ट-याकोब या मेंदूच्या दुर्मिळ, जीवघेण्या आजाराची एक पेशंट आली आणि त्यातच गेली. तेव्हा सगळे म्हणायचे हा हळू वाढणारा व्हायरस असणार, ते मात्र त्याच प्रश्नाला चिकटून राहिले, १९८२ मध्ये प्रायॉन म्हणजे नुसतं प्रोटीन रोग पसरवतं असं मांडलं, लोकांनी जोरदार विरोध केला, आणि १९९७ मध्ये नोबेल मिळालं.

आता अल्झायमर्सवर लेकॅनेमॅब हे औषध आलंय, ते मेंदूत साचलेलं अमायलॉइड नावाचं प्रोटीन साफ करतं, २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली. मुख्य ट्रायलमध्ये १८ महिन्यांत पेशंटची घसरण प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली डोसपेक्षा) २७ टक्के कमी झाली, थांबली नाही, आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होतोय का हे पाहायला एमआरआय करत राहावे लागतात. आईला हे द्यायचं का, असं मुलगी विचारते तेव्हा अमायलॉइड कसं साफ होतं हे लॅबमध्ये पाहिलेला आणि आईला स्वतः तपासलेला डॉक्टर समोर बसलेला असेल तर तो तिला २७ टक्के म्हणजे घरात नेमकं काय, हेही सांगू शकतो.