टाकळ्याच्या दाटीत शेंगा कुणाला?

श्रोतेहो, नमस्कार. पहिल्या दोन-चार सरी पडल्या की रस्त्याकडेला, पडीक रानात टाकळा असा उगवतो की पाय ठेवायला जागा उरत नाही. कोवळा असतो तोवर भाजीसाठी खुडतात, पुढे त्याच्याकडे कुणी बघत नाही. त्याच जागी गणपतीनंतर जा. काही झाडं कमरेला लागतात आणि त्यांच्या पायाशी वीतभर काड्या उभ्या असतात. त्या काडीलाही कधी एखादी शेंग असते. वय दोघांचं जवळपास सारखंच.

मेख त्या ‘जवळपास’मध्ये आहे. टाकळ्याच्या बियांचं कवच टणक, पाणी सगळ्यांत एकदम शिरत नाही, म्हणून सगळ्या एका दिवशी रुजत नाहीत. चार दिवस आधी वर आलेलं रोप आधी पानं पसरतं. उंच रोप बुटक्याचं ऊन अडवतं, बुटकं मात्र उंचाचं काही अडवू शकत नाही. म्हणून जूनमधला बोटभर फरक सप्टेंबरात हातभर होतो. त्यात कुणाच्या मुळाखाली दगड येतो, कुणाची पानं पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या फस्त करतात.

हे मोजायचं तर जूनमध्येच सुरुवात करा, आणि जिथे भाजी खुडली जात नाही अशीच जागा घ्या. शेंडा खुडलेलं रोप बाजूने फुटतं, मग हिशेबच बदलतो. चार काठ्या आणि सुतळीची अर्धा मीटर बाजूची चौकट दर दहा पावलांवर टाका, आत येईल ते प्रत्येक रोप घ्या. डोळ्यांत भरणारी झाडं निवडली की सगळं मुसळ केरात! शाईचे आकडे पावसात धुऊन जातात. पत्र्याच्या पट्टीवर खिळ्याने आकडा कोरा आणि ती बुंध्याला सैल अडकवा, कारण बुंधा जाड होणार असतो. उंची जमिनीपासून शेंड्याच्या कोंबापर्यंत, दर पंधरा दिवसांनी. मेलेलं रोप वहीतून खोडू नका, तारीख लिहा. दाटीत बारीक रोपं आधी मरतात. ती वगळली तर फरक आहे त्याहून कमी दिसतो.

शेंगा तपकिरी होऊ लागल्या की चार-चार दिवसांनी फेरी हवी. वाळून तडकल्या की बी मातीत जातं.

आता सरासरीचा घोळ. समजा, दहा झाडांपैकी एकाला 60 शेंगा आणि उरलेल्या नऊंना दोन-दोन. एकूण 78, सरासरी जवळजवळ आठ. पण आठ शेंगांचं झाड तिथे एकही नाही! म्हणून झाडं शेंगांच्या क्रमाने मांडा आणि मधल्या झाडाचा आकडा बघा. इथे तो दोन आहे. पुढच्या वर्षीच्या बियांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त वाटा एकट्या झाडाचा.

मग त्याचं बीच जातिवंत असेल का? मोठ्या आणि किरट्या झाडांचं बी वेगळं ठेवा. साधारण सारख्या वजनाच्या बिया निवडा, कवच सँडपेपरवर हलकं घासा आणि एकाच दिवशी, सारख्या मातीत, एका कुंडीत एकच बी असं दोन्हींच्या दहा-दहा कुंड्यांत पेरा. कुंड्यांच्या जागा आठवड्याला बदला, नाहीतर भिंतीकडच्या कुंड्या सावलीत राहून मागे पडतील. दोन्हीकडची रोपं सारखीच वाढली, तर रानातला फरक बहुतेक जागेचा आणि चार दिवसांच्या आघाडीचा होता.