गाडी येते त्या वेळी विचारा

(सावंतवाडीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, नमस्कार. आयोजकांनी मला विषय दिला तो ‘स्थानकाचा पुनर्विकास आणि लोकसहभाग’. लोकसहभाग म्हटलं की आपल्याकडे मांडव पडतो, दीपप्रज्वलन होतं, पडद्यावर रंगीत चित्रं दाखवतात आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, ‘सूचना असतील तर लेखी द्याव्यात.’ तोवर चहा आलेला असतो. (हशा)

सावंतवाडीत रेल्वे टर्मिनसचा, म्हणजे गाड्या जिथून सुटाव्यात अशा स्थानकाचा, विषय काढल्याशिवाय मला कुणी या स्टेजवरून उतरू देणार नाही. जून २०१५मध्ये भूमिपूजन झालं. पुढचं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता, त्यात मी पडत नाही. मला एकच विचारायचंय. टर्मिनस हवं, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. पण ते कसं हवं? एसटी कुठे लागावी, छप्पर कुठून कुठपर्यंत असावं, रात्री अकराला उतरलेल्या बाईने कुठल्या वाटेने बाहेर पडावं? ही चर्चा तुम्ही कधी, कुठे ऐकलीत?

मागणी करण्यात आपण कोकणी माणसं कुणाला हार जाणार नाही. ही कोकण रेल्वेच मुळात मागणीतून आली. बॅरिस्टर नाथ पै संसदेत बोलत राहिले, मधु दंडवते बोलले आणि पुढे स्वतः रेल्वेमंत्री झाले, जॉर्ज फर्नांडिस मंत्री असताना १९९०मध्ये महामंडळ उभं राहिलं, आणि जानेवारी १९९८मध्ये रोहा ते ठोकूर या पूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या. मागणी जिंकली. पण आखणी कागदावर पक्की होते तेव्हा आपण खोलीबाहेर असतो, आणि मग रस्त्यावर येतो. गोव्यात खाजन जमिनींवरून, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतजमिनींवरून, तेच झालं. मार्ग ठरल्यावर विरोध पेटला, १९९३मध्ये काही ठिकाणी काम थांबलं, चौकशी आयोग बसला, आणि शेवटी गाडी बहुतांशी ठरल्या वाटेनेच गेली.

कायदा काय सांगतो? गावाचा विकास आराखडा असेल तर एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्राच्या नगररचना कायद्याखाली हरकती-सूचना मागवाव्याच लागतात, सुनावणी द्यावी लागते. रेल्वेच्या हद्दीत स्थानक नव्याने बांधायचं तर असं बंधन नाही. पर्यावरणाची जनसुनावणी होते ती २००६च्या अधिसूचनेखाली, आणि तिच्या यादीत रेल्वे नाही. उरतात प्रवासी सल्लागार समित्या, त्यात नेमलेली माणसं बसतात. हां, माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमात एक चांगली गोष्ट आहे. लोकांवर परिणाम करणारे महत्त्वाचे निर्णय जाहीर करताना त्यामागची सगळी वस्तुस्थिती प्रसिद्ध करावी, असं तिथे लिहिलंय. कुणी अर्ज करण्याची वाट न बघता. या कलमाचा आधार घेऊन स्थानकाचा नकाशा मागितलेला मी तरी फारसा पाहिला नाही.

जगात दोन गावांची उदाहरणं फार बोलकी आहेत. जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये वरचं स्थानक जमिनीखाली न्यायचा बेत १९९४मध्ये जाहीर झाला. हरकती रीतसर मागवल्या होत्या, पण स्थानक खाली न्यायचं की नाही, हे आधीच ठरलेलं. २०१०मध्ये जुन्या इमारतीचा एक भाग पाडायला घेतला आणि हजारो माणसं रस्त्यावर आली, पोलिसांनी पाण्याचे फवारे मारले. मग मध्यस्थ नेमले, दोन्ही बाजूंची चर्चा टीव्हीवर दाखवली, २०११मध्ये सार्वमत घेतलं. सुमारे ५९ टक्के लोकांनी काम थांबवायला नकार दिला. म्हणजे लोक विरोधातच होते असंही नाही! पण विचारायला सतरा वर्षं लावली, आणि २०२५ संपलं तरी नवं स्थानक सुरू झालेलं नव्हतं.

दुसरं नेदरलँड्समधलं उत्रेख्त, त्या देशातलं सगळ्यात गर्दीचं स्थानक. तिथे २००२मध्ये स्थानक परिसराचे दोन आराखडे नगरपालिकेने लोकांपुढे ठेवले आणि मत घेतलं. दोन्ही खरोखर बांधता येण्यासारखे. जो जिंकला त्यात सत्तरच्या दशकात रस्त्यासाठी बुजवलेला कालवा पुन्हा वाहता करायचं ठरलं होतं. २०२०मध्ये पाणी परत आलं. वेळ इथेही लागला, पण ‘हे कुणी ठरवलं?’ असं विचारायची पाळी आली नाही.

आता घरचं. २९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याच्या आदल्या दिवशी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, २३ माणसं गेली. तुमच्यापैकी कित्येकांचे भाऊ, काके त्या भागात नोकरीला. पूल अरुंद आहे हे रोजचे प्रवासी वर्षानुवर्षं सांगत होते. त्या दिवशी सकाळी एकदम पाऊस आला आणि माणसं जिन्यावर छपराखालीच थांबली. मागून गाड्या येत राहिल्या, गर्दी येत राहिली. जिना किती रुंद हवा, ते गणिताने काढता येतं. पण पाऊस आला की माणूस कुठे थबकतो, हे तिथे रोज उभं राहणाऱ्यालाच ठाऊक असतं.

आणि पाऊस आपल्याइतका कुणाला माहीत? आपला पाऊस सरळ पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो. आठ फुटांवर संपणारं छप्पर चित्रात सुंदर दिसतं, जुलैत त्याच्याखाली उभं राहून बघा. गेल्या काही वर्षांत आपल्या स्थानकांच्या दर्शनी भागाचं सुशोभीकरण झालं, मला ते वाईट वाटत नाही. पण फलाटावर उभ्या म्हातारीला विचारलं असतं तर तिने कमान मागितली नसती. एका स्थानकात एका आजींनी मला सुनावलंच, ‘आमचो डबो खंय लागतलो ता आधी सांगा, मग तुमचा काय ता शोभिवंत करा.’

आजींचं बरोबर आहे. रोहा-वीर हा टप्पा २०२१मध्ये दुहेरी झाला, पण खाली आपल्याकडे अजून एकेरी मार्ग. समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायची, त्या क्रॉसिंगप्रमाणे गाडी कुठल्या फलाटाला घ्यायची ते ठरतं, आणि आयत्या वेळी बदललं की दोन मिनिटांच्या थांब्यात आंब्याच्या पेट्या, फणस, पोरं, सगळं घेऊन पुलावरून पलीकडे पळायचं. ज्याने हे कधी केलं नाही तो पूल फलाटाच्या टोकाला काढतो. तिथे कागदावर जागा मोकळी दिसते ना!

मग विचारायचं कुणाला? कोकणातली खरी गंमत इथे आहे. या स्थानकाचे निम्मेअधिक धनी इथे राहतच नाहीत. ते परळ, डोंबिवली, नालासोपाऱ्याला राहतात. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावलेली नोटीस चाकरमान्याला कशी दिसणार? एक बैठक दादरला घ्या, रविवारी. उरलेल्यांसाठी सभागृह नको. गाडी येते त्या वेळी फलाटावर जा. गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलात पेशंटला नेणारी माणसं, मासळीची टोपली घेऊन निघालेल्या बायका, कॉलेजची पोरं तिथेच भेटतात, आणि गाडी लेट असेल तर भरपूर वेळ देतात. (हशा) रिक्षावाल्यांना विचारा, स्टेशनमास्तरांना विचारा. वस्तीच्या एसटीच्या कंडक्टरला तर जरूर विचारा. गाडी वीस मिनिटं उशिरा आली की वस्तीची गाडी निघून जाते आणि माणूस रात्रभर स्टेशनात. तो कुठे झोपतो, संडास उघडा असतो का, दिवा असतो का? कुठल्याही आराखड्यात हा माणूस मी पाहिलेला नाही.

कसं विचारायचं, त्याला माझ्या मते फक्कीसारखं साधन नाही. नकाशा शंभरातल्या नव्वद माणसांना वाचता येत नाही, यात त्यांचा दोष नाही. मैदान आखतात तशी जागेवर फक्की मारा. हा रिक्षाथांबा, हे छपराचं टोक, इथून उतार. मग लोकांना सामान घेऊन चालू द्या. व्हीलचेअरवरच्या माणसाला आधी चालवा. दिव्यांगांसाठी २०१६चा कायदा आहे, ती मेहेरबानी नव्हे. अर्ध्या तासात कळतं कुठे अडतंय. खर्च फक्कीच्या गोणीचा.

इंजिनीअर मित्र म्हणतात, अहो, विचारायला गेलं की दहा तोंडं, दहा मतं. खरं आहे. म्हणून सगळं विचारूच नका. फलाटाची उंची, डोक्यावरच्या २५,००० व्होल्टच्या तारेपासूनचं अंतर, सिग्नल हे मतदानाचे विषय नाहीत. काय पक्कं आहे आणि काय बदलता येईल, ते पहिल्याच कागदावर मोठ्या अक्षरात छापा. लोक समजूतदार असतात. चिडतात ते सगळं पक्कं करून ‘सूचना द्या’ म्हटल्यावर. आणि आलेल्या प्रत्येक सूचनेला उत्तर हवं. मान्य केली तर कुठे, नाकारली तर का. ती यादी तिकीट खिडकीशेजारी लावा.

एक शेवटचं, वेळापत्रकाबद्दल. सल्लागार मंडळी पाहणीला येतात फेब्रुवारीत, हवा छान असते म्हणून. तेव्हा पाऊसही नसतो आणि चाकरमानीही नसतात. माझी विनंती अशी की पाहणी गणपतीच्या आठवड्यात करा. विशेष गाड्या लागलेल्या, पाऊस चालू, प्रत्येक घरातलं माणूस स्टेशनवर. पहिली रेघ त्यानंतर ओढा. आता प्रश्न घेऊ. मागे रिक्षा संघटनेची मंडळी केव्हाची हात वर करून बसली आहेत, त्यांच्यापासून सुरू करूया.