पालकाची सही

श्रोतेहो, नमस्कार.

शेतात कपाशीची वेचणी चालू असेल. कुठंतरी बांधावर भरताची वांगी भाजली जात असतील. आणि वांगं भाजावं ते पऱ्हाटीवर नाहीतर तुरीच्या काड्यांवर. गॅसवर भाजलेल्या वांग्याला भरीत म्हणायला माझी जीभ आजही रेटत नाही. तर अशाच एका हिवाळ्याची आठवण आज सांगते. साल १९७१.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, पायदळात होते. फौजीच्या मुलांचं बालपण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे छावणी आणि बँड येतो. तेही खरं आहे. बदल्या होणाऱ्या अशा मुलांसाठीच १९६३ साली पलटणींच्या वीस शाळांपासून केंद्रीय विद्यालयं सुरू झाली. पण फील्डवर, म्हणजे सरहद्दीकडच्या तैनातीवर, कुटुंब नेता येत नाही. आप्पा फील्डवर, आणि आजी, माय आणि मी अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी. आमच्या घरात फौज होती ती पत्रातून, मनीऑर्डरीतून आणि वर्षाच्या दोन महिन्यांच्या रजेतून.

पत्ता मला तोंडपाठ होता. आप्पांचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि शेवटी 'मार्फत ९९ एपीओ'. एपीओ म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस; पूर्वेकडच्या पलटणींचा हा पत्ता. लक्षात घ्या, पत्त्यात गाव नाही. उत्तर यायचं त्यावरच्या गोल शिक्क्यातही गाव नसायचं, नुसता आकडा. भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा पुढ्यात घेऊन मी आप्पांना शोधायचे. पत्त्यात गावच नाही, तर बोट ठेवणार कुठं?

मी पाचवीत होते. सहामाहीत गणितात अठ्ठावीस गुण पडले. गुरुजींनी प्रगतिपुस्तक हातात दिलं आणि म्हणाले, "पालकाची सही आण." मी म्हटलं, आप्पा लढाईच्या तयारीवर आहेत, मायचा अंगठा आणू का? वर्ग हसला. गुरुजी म्हणाले, "अंगठा नाही चालायचा. वडिलांची सही हवी."

मला मायच्या अंगठ्याची लाज वाटली. हे मी आज सांगू शकते, तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. मी प्रगतिपुस्तक पाकिटात घातलं, साठवलेल्या पैशांची तिकिटं लावली आणि पाठवून दिलं. मार्फत ९९ एपीओ.

आणि ३ डिसेंबरला युद्ध पेटलं.

ग्रामपंचायतीच्या रेडिओपुढं संध्याकाळी अख्खं गाव बसायचं. आजी माळ ओढत, माय पदर तोंडाशी धरून. गुरुजी रोज विचारायचे, "प्रगतिपुस्तक कुठाय?" मी म्हणायचे, आप्पांकडे. आधी त्यांना ती थाप वाटली. युद्ध सुरू झाल्यावर मात्र त्यांनी विचारणं सोडलं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. तार येऊ नये म्हणून आजीनं देवाला काय काय बोललं होतं, ते देवालाच ठाऊक. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. गावात गूळ वाटला. आमच्या घरी मात्र गूळ कुणी तोंडात घातला नाही. पत्र नव्हतं ना.

संक्रांत झाल्यावर एका दुपारी पोस्टमनदादा गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत आले, "पोरी, टपाल उनं वं!"

पाकीट चुरगळलेलं, कोपऱ्याला चिखल लागून वाळलेला. वर तोच गोल शिक्का, नुसता आकडा. आत माझं प्रगतिपुस्तक. मी सहीची जागा बघितली. कोरी! आप्पांनी सही केलीच नव्हती.

सोबत दोन कागद होते. एक गुरुजींना, पेन्सिलीनं लिहिलेला. "सा. न. वि. वि. मी घरी नसतो. मुलगी अभ्यासाला बसते की नाही, हे तिच्या मायला ठाऊक. सही तिचीच घ्यावी." दुसरा कागद मायसाठी. त्यावर मायचं नाव, मोठ्या ठळक अक्षरांत, वर एकदा. खाली रेघा मारून पान मोकळं सोडलेलं, गिरवायला.

माय म्हणाली, "माले कुठे सही येस?" पण रात्री भाकरी झाल्यावर चुलीच्या उजेडात माझी पाटी तिनं मांडीवर घेतली. आजी कुरकुरली, "नवरा लढाईवर शे, आन तू पाटीवर गिरगटा काढी राह्यनी." आठव्या दिवशी आजीनंच चिमणी तिच्याजवळ सरकवून दिली. पंधरा दिवसांनी सही झाली. गुरुजींनी ती बराच वेळ बघितली आणि काही न बोलता पुस्तक ठेवून घेतलं.

२०२४ मध्ये राज्य सरकारनं कागदपत्रांवर आईचं नाव बंधनकारक केलं, तेव्हा मला ती पाटीच आठवली. फार उशीर केला आपण. फार उशीर.

तर, फाल्गुनात मनीऑर्डर आली. पोस्टमनदादांनी सवयीनं शाईची डबी उघडली. मायनं हात पदराला पुसला आणि म्हणाली, "पेन द्या भाऊ." तेव्हा मनीऑर्डरीची पोच सही-अंगठ्यासह पाठवणाऱ्याकडे परत जायची. इतकी वर्षं आप्पांना पोचेवर निळा अंगठा मिळत होता. त्या वेळी नाव गेलं, शेवटचं अक्षर चौकटीबाहेर आलेलं.

मे महिन्यात आप्पा रजेवर आले. ओसरीत त्यांनी काळी ट्रंक उघडली. झाकणाच्या आतल्या बाजूला देवाचा फोटो चिकटवलेला असायचा. त्याच्या शेजारी, भातानं चिकटवलेली, ती पोच होती.