'बरं शे' म्हणू नका! दिव्यांग प्रमाणपत्राच्या अपिलाला जाताना

नमस्कार मंडळी. आपल्या खान्देशात कोणालाही विचारा, 'कसं शे भाऊ?' उत्तर ठरलेलं: 'बरं शे', म्हणजे बरं आहे. पाय प्लास्टरमध्ये असला तरी बरं शे. माझ्या मामांचे दिव्यांगत्वाचे टक्के ह्याच सवयीने घालवले, म्हणून आजचा व्हिडिओ.

मामा रावेरकडे केळीच्या गाड्या भरायचे. डोक्यावर घड घेऊन घसरले, खुब्यापाशी हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पाय आखूड राहिला. दिव्यांग प्रमाणपत्राच्या तपासणीच्या दिवशी मामांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि दारातच काठी माझ्या हातात दिली. साहेबांसमोर काठी टेकत कसं जायचं! डॉक्टरांनी विचारलं, 'जिना चढता?' मामा म्हणाले, 'चढस ना', म्हणजे चढतो की. प्रमाणपत्र आलं ३४ टक्क्यांचं.

आता संजय गांधी निराधार योजनेला किमान ४० टक्के लागतात. सहा टक्क्यांनी दरमहाचं अनुदान गेलं, एसटीची सवलतही गेली. तहसीलमध्ये भांडून उपयोग नाही. तिथले लोक उत्पन्न बघतात, टक्के ठरवत नाहीत. टक्क्यांवर हरकत असेल तर अपील. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ५९ त्यासाठीच आहे. निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवसांत अर्ज करायचा. तारीख निर्णयाची धरा, कागद घरी कधी पोचला त्याची नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या मंडळींनो, तुमचे निम्मे दिवस हेलपाट्यातच जातात, तेव्हा थांबू नका. आपल्या जिल्ह्याचा अपील प्राधिकारी कोण, ते जिल्हा रुग्णालयात लेखी विचारा. अर्जात थोडक्यात हकीकत आणि हरकतीचं कारण लिहा, सोबत प्रमाणपत्राची किंवा नकाराच्या पत्राची प्रत लावा. आणि पोच घ्या. शिक्क्याची, तारखेची. व्यक्ती अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची असेल किंवा स्वतः अपील करण्याच्या स्थितीत नसेल, तर पालक करू शकतात.

सुनावणीत तुम्हाला बाजू मांडायची संधी द्यावीच लागते. इथंच माणसं गडबडतात. एक तर मामांसारखी मर्दुमकी दाखवतात, नाहीतर कोणाचं तरी ऐकून नको इतकं लंगडतात. दुसरं तर फारच वाईट. रोज शेकडो पाय बघणाऱ्या डॉक्टरला ते दाराशीच कळतं, मग तुमचं खरं दुखणंही खोटं वाटायला लागतं.

पायाच्या तपासणीत काय बघतात? सपाटीवर चालणं, चढ, जिना, दुखऱ्या पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं, गुडघे टेकणं, वळणं. प्रत्येकाचा हिशोब वेगळा. सांधा किती वाकतो ते कोनमापकाने मोजतात. म्हणून 'जमतं' किंवा 'जमत नाही' एवढ्यावर थांबू नका, कसं जमतं ते सांगा. मामा जिना चढतात, खरंय. पण कठडा धरून, एका पायरीवर दोन्ही पाय आणून, आणि सातव्या पायरीला बसून. हे त्यांनी पहिल्यांदा सांगितलंच नव्हतं.

आम्ही काय केलं, तर माझ्या मामेबहिणीने शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर पंधरा दिवसांची नोंद ठेवली. 'सकाळी मोरीत तोल गेला, नळ धरला.' 'पंगतीत खाली बसले नाहीत, ओट्यावर जेवले.' अशा साध्या ओळी. वही म्हणजे काही वैद्यकीय पुरावा नव्हे, पण समोर असली की माणूस बोलताना अडखळत नाही. पुरावा म्हणून डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनचे कागद, तारखेसह एक्स-रे, सगळं जुन्यापासून नव्यापर्यंत लावलं. झेरॉक्स दोन संच, मूळ कागद आपल्याजवळ. तुमच्या डॉक्टरकडून चिठ्ठी घेणार असाल तर 'रुग्ण अपंग आहे' एवढंच नको. खुबा किती वाकतो, पाय किती सेंटिमीटर आखूड आहे, ते लिहून घ्या.

भाषेचंही सांगतो. 'माले मांडी घालता येत नही' हे अहिराणीत बिनधास्त बोला. अवघड मराठी जुळवण्याच्या नादात मामा निम्मं विसरायचे. समोरच्याला कळलं नाही तर ते परत विचारतील. काठी, बूट, कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी), जे रोज वापरता ते घेऊनच आत जा. मे महिन्यातली तारीख असली तर आदल्या दिवशीच रुग्णालयाचं गाव गाठा. जळगावच्या उन्हात चार तास एसटीत बसून गेलात की सांगायचं सुचत नाही.

रुग्णालयाच्या आवारात 'चाळीस करून देतो' म्हणणारा भेटला तर चहासुद्धा पिऊ नका त्याच्याबरोबर. खोटेपणाने लाभ घेतल्यास कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. अडकता तुम्ही, तो नाही.

अपिलात मामांची फेरतपासणी झाली. यावेळी काठी घेऊन आत गेले. ४२ टक्के आले.

अपिलाचा निकाल ६० दिवसांत लागायला हवा, आणि तोही कारणांसह. फोनवर कोणी 'झालं तुमचं काम' म्हणालं म्हणून लगेच तहसीलला पळू नका. आदेशाची प्रत आणि नवं प्रमाणपत्र हातात घ्या, मगच निघा. खिडकीवर तेच मागतात.