माळ्यावरचं गाठोडं

श्रोतेहो, नमस्कार.

गणपती तोंडावर आलेत. लालबाग-परळच्या गल्ल्यांत मांडवाचे वासे उभे राहिलेत. ते पाहिले की मला आमची स्मरणिका आठवते. आजचा विषय तिच्यातूनच निघतो: आपलं सगळं काम क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर, ठेवून निर्धास्त राहणं.

आमच्या चाळीच्या मंडळाचं ते पन्नासावं वर्ष. 96 पानांची स्मरणिका काढायचं ठरलं. स्मरणिकेची निम्मी पानं जाहिरातींनी भरणं मला मुळीच पटत नाही, हेही सांगून ठेवतो. ती मंडळाची बखर असते. तर लेख, हिशेब, जुने फोटो, सगळं एका ऑनलाइन फोल्डरमध्ये. फोल्डर उघडला आमच्यातल्याच एका मुलानं, त्याच्या ऑफिसच्या खात्यावर, कारण तिथे जागा भरपूर. चार महिने आम्ही आठ जण त्यात राबलो. चतुर्थीला 12 दिवस उरले असताना त्या मुलानं नोकरी बदलली. शुक्रवारी संध्याकाळी त्याचं खातं बंद झालं. शनिवारी सकाळी मी लिंक उघडली, तर 'परवानगी नाही'. आठही जणांना तेच. जुन्या ऑफिसात फोन केले. खातं कंपनीचं, म्हणून फोल्डरही कंपनीचा, असं उत्तर आलं. गिरगावातला छापखानेवाला मशीन मोकळं ठेवून आमची वाट बघत होता.

तारलं कोणी? दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकेनं. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो. बाई मुद्रितं स्क्रीनवर तपासत नाहीत, प्रत्येक पान छापून मागतात. त्यांनी माळ्यावरून सुतळीनं बांधलेलं गाठोडं काढायला लावलं. 61 पानं निघाली. समासात लाल शाईनं ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा, एका पानावर आमटीचा डाग. चार रात्री पाळीपाळीनं बसून आम्ही ती पुन्हा टाइप केली. मुद्रितं कागदावरच वाचावीत, हे माझं तेव्हापासूनचं ठाम मत आहे. स्क्रीनवर डोळा चुकीवरून घसरतो.

आता जरा मोठ्या गोष्टी. 14 डिसेंबर 2020 ला गूगलच्या सेवा जगभर सुमारे 45 मिनिटं बंद पडल्या. बिघाड लॉगिन तपासणाऱ्या यंत्रणेत होता. फायली जागेवर होत्या, दार उघडत नव्हतं. त्याच वर्षी 12 ऑक्टोबरला सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. क्लाउडचे कॉम्प्युटर जिथे असतात त्या डेटा सेंटरला जनरेटर असतो, आपल्या घरच्या राऊटरला नसतो. आणि जुलै 2025 मध्ये, मुंबईतच मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जी या तेल कंपनीला मिळणाऱ्या सेवा मायक्रोसॉफ्टनं, युरोपीय संघानं तिच्यावर निर्बंध घातल्यानंतर, थांबवल्या. कंपनीनं दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, मग काही दिवसांत त्या सुरू झाल्या. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर आपल्या दुकानाचं, क्लासचं, सोसायटीच्या हिशेबाचं काय?

म्हणून श्रोतेहो, एक प्रत घरात. क्लाउड जरूर वापरा, मीही वापरतो, पण एक प्रत घरात, आपल्या हार्ड डिस्कवर. महिन्यातून एकदा ती उघडूनही बघा. आणि मंडळाचं काम मंडळाच्या खात्यावर ठेवा, पासवर्ड निदान दोघांकडे असू द्या.

स्मरणिका चतुर्थीच्या आदल्या दिवशी आली. पण गाठोड्यात फोटोंची पानं नव्हती. बहुतेकांकडून मूळ फोटो पुन्हा आणले. पहिल्या वर्षीच्या मूर्तीचा एकुलता एक फोटो विरारला राहायला गेलेल्या एका आजोबांचा होता. आम्ही स्कॅन करून त्यांना परत केला होता. फोन केला, तर ते म्हणाले, "अरे, चाळीतली खोली रिकामी करताना तो अल्बम मी रद्दीत दिला. तुम्ही कॉम्प्युटरमध्ये घेतला होता ना?"